चेहऱ्याची जळजळ होते म्हणजे सीरम ‘काम करते आहे’, असे समजावे का?

पारिजात:

नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत माझ्या चेहऱ्याची जी अवस्था झाली आहे तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते आहे, कारण ज्या ठिकाणाहून मी हे सारे उचलले त्याच ठिकाणी पुन्हा सल्ला मागण्याचे धाडस आता होत नाही. माझे वय ३४ असून त्वचा मिश्र प्रकारची आहे. कपाळ व नाक तेलकट, गाल कोरडे, आणि पाळीच्या आधी हनुवटीवर दोन-तीन पुळ्या येऊन त्यांचे डाग महिनाभर रेंगाळतात, एवढीच माझी मूळ तक्रार होती. तेवढ्या तक्रारीसाठी मी रात्री झोपण्यापूर्वी रील पाहू लागले आणि पाहता पाहता माझ्या आरशापुढे नऊ बाटल्या जमा झाल्या.

सकाळी फेसवॉशनंतर क जीवनसत्त्वाचे सीरम आणि त्यावर नायसिनामाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. रात्री आधी तेलाने व मग फेसवॉशने अशी दुहेरी सफाई, त्यानंतर ग्लायकोलिक ॲसिडचे टोनर, त्यावर रेटिनॉल, आणि हे सगळे ‘आत कोंडून ठेवण्यासाठी’ वरून पेट्रोलियम जेलीचा जाड थर, ज्याला तिकडे स्लगिंग म्हणतात. शिवाय आठवड्यातून एकदा दहा मिनिटे लावून धुवायचे तीव्र पीलिंगचे, म्हणजे वरचा थर सोलून काढणारे, द्रावण. सनस्क्रीन मी लावत होते, पण घराबाहेर पडायचे असेल तेव्हाच.

पहिले तीन आठवडे चेहरा असा चकाकत होता की मलाच आश्चर्य वाटे. पाचव्या आठवड्यापासून मात्र साधे पाणी लागले तरी चुरचुरते, गाल दिवसभर लाल राहतात, ओठांभोवती बारीक पुरळ उठले आहे, आणि त्वचा एकाच वेळी तेलकट आणि ताणलेली वाटते. ही तक्रार मी एका लोकप्रिय व्हिडिओखाली लिहिली तेव्हा अनेकींनी उत्तर दिले की हे ‘पर्जिंग’ आहे, आतली घाण बाहेर पडते आहे, आणि आता थांबलीस तर केलेले सगळे वाया जाईल. चुरचुरणे हीच सीरम काम करत असल्याची खूण आहे, असेही त्यांतल्या एकीने ठामपणे सांगितले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरोखर पर्जिंग आहे का, आणि नसल्यास ते ओळखावे कसे? सगळे एकदम बंद करावे की एकेक? आणि तिसरी गोष्ट माझ्यापुरती नाही. माझी बारा वर्षांची भाची माझ्याबरोबर हे व्हिडिओ पाहते आणि वाढदिवसाला तिला रेटिनॉलचे क्रीम हवे आहे. तिला नाही म्हणायचे तर कोणत्या कारणाने म्हणू, हे मला कळत नाही, कारण ती माझ्याच बाटल्यांकडे बोट दाखवते.


रसशाळा:

मी सौंदर्यप्रसाधनांची सूत्रे बसवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण तुमच्या नऊ बाटल्या एकमेकींशी काय करत असतील ते सांगू शकतो.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा जो पापुद्रा असतो त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर असते, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. शरीरातले पाणी आत आणि बाहेरचे सगळे बाहेर ठेवण्याचे काम तो एकटा करतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या सांध्यांत भरलेली स्निग्ध द्रव्ये म्हणजे चुना, असे त्याचे वर्णन नेहमी केले जाते. या चुन्यात साधारण निम्मा भाग सेरामाइडचा असतो आणि उरलेला मुख्यतः कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचा. ग्लायकोलिक ॲसिड विटांमधली पकड सैल करते, रेटिनॉल खालून नव्या पेशी लवकर वर ढकलते, आणि दुहेरी सफाई चुना धुऊन नेते. यांतले प्रत्येक काम एकेकटे आणि बेताने केले तर त्वचा ते निभावून नेते. तुम्ही तिन्ही कामे एकाच रात्री, रोज, आणि त्यावर आठवड्याचे पीलिंग अशी करत होतात. पहिल्या तीन आठवड्यांतली चकाकी खोटी नव्हती. वरचा खडबडीत थर निघाला की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि त्यावरून प्रकाश एकसारखा परावर्तित होतो. भिंत घासून पातळ केली तरी ती काही काळ अशीच सुंदर दिसते.

आता बाटलीवरच्या टक्केवारीबद्दल, कारण व्हिडिओंत सगळा भर तिच्यावर असतो आणि तीच सर्वांत फसवी असते. आम्लाचा त्वचेवरचा परिणाम टक्केवारीइतकाच द्रावणाच्या सामूवर, म्हणजे ज्याला सगळे पीएच म्हणतात त्यावर, अवलंबून असतो. ग्लायकोलिक ॲसिडचा जो भाग मुक्त आम्लाच्या रूपात असतो तोच प्रामुख्याने आत शिरतो. सामू ३ असेल तर सुमारे ८७ टक्के आम्ल मुक्त असते, आणि सामू ५ असेल तर जेमतेम ६ टक्के. म्हणजे ‘१० टक्के’ असे लिहिलेल्या दोन बाटल्यांपैकी एक दुसरीच्या चौदापट तीव्र असू शकते, आणि दोन्ही बाटल्यांवरचा आकडा मात्र एकच असतो. अमेरिकेतील प्रसाधन-घटकांच्या तज्ज्ञ समितीने ग्राहकांनी घरी वापरायच्या उत्पादनांसाठी या आम्लांची मर्यादा १० टक्के आणि सामू ३.५ किंवा त्याहून अधिक अशी सुचवली आहे. त्याहून तीव्र द्रावणे प्रशिक्षित हातांनी, थोडा वेळ लावून, नीट धुऊन टाकण्यासाठी असतात. दहा मिनिटे लावायचे तुमचे द्रावण बहुधा त्याच जातीचे असावे. २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीव्र पीलिंग द्रावणे वैद्यकीय देखरेखीशिवाय विकत घेऊ वा वापरू नयेत असा जाहीर इशारा दिला होता, तो नेमक्या अशाच भाजण्याच्या आणि व्रण पडण्याच्या तक्रारींवरून.

स्लगिंगबद्दल स्वतंत्रपणे लिहितो. पेट्रोलियम जेली हा अत्यंत निरुपद्रवी पदार्थ आहे. ती स्वतः रोमछिद्रे बुजवत नाही, आणि त्वचेतून उडून जाणारे पाणी तिच्याइतके दुसरे काहीच अडवत नाही. परंतु झाकण घातले की झाकणाखालचे सगळेच अधिक खोल उतरते. कोरड्या त्वचेवर साध्या मॉइश्चरायझरनंतर तिचा पातळ थर देणे हे शहाणपणाचे आहे. ॲसिड आणि रेटिनॉलवर तिचा जाड थर देणे म्हणजे दोन्हींची मात्रा नकळत वाढवणे. कल्पना चांगली होती, फक्त ती कशाच्या वर करायची हे तीस सेकंदांच्या व्हिडिओत सांगायचे राहून गेले.


अबोली:

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. समाजमाध्यमांना सरसकट दोष देण्याची आता एक सवय झाली आहे. मी स्वतः सनस्क्रीन लावायला शिकले ते एका व्हिडिओमुळेच. त्याआधी पंधरा वर्षे मी चेहरा दाणेदार स्क्रबने घासत होते, आणि तो घासू नये हे मला ना घरात कोणी सांगितले ना वर्गात. सेरामाइड हा शब्द, सुगंधविरहित उत्पादने निवडण्याचे कारण, बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीचे अभ्रे फिके पडतात ही अगदी व्यवहारातली माहिती, हे सगळे मला तिथेच मिळाले. अनेक त्वचारोगतज्ज्ञही तिथे उत्तम माहिती देतात. ज्यांना तज्ज्ञांकडे जाणे सहज शक्य नाही त्यांच्यासाठी हे एक मोठे दार उघडले आहे, ते बंद करा असे म्हणणे मला पटत नाही.

पारिजात यांनी नऊ बाटल्या एकदम सुरू केल्या, हा दोष व्हिडिओचा की उतावीळपणाचा? मीही रेटिनॉल वापरते. आठवड्यातून दोनदा, आणि गेली चार वर्षे काहीही त्रास नाही.


त्वचावैद्य:

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न पाहता निदान करणे योग्य नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण पारिजातताई, तुम्ही इतके व्यवस्थित वर्णन केले आहे की काही गोष्टी निःसंकोचपणे सांगता येतील.

पर्जिंग ही कल्पना पूर्णपणे काल्पनिक नाही. रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वापासूनची द्रव्ये; रेटिनॉल त्यांतलेच) किंवा तत्सम औषध सुरू केल्यावर, जी सूक्ष्म मुरुमे त्वचेखाली आधीच तयार होत होती ती लवकर वर येतात, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात. मात्र या पुळ्या जिथे तुम्हाला नेहमी येतात तिथेच येतात, नेहमीच्या पुळ्यांसारख्याच दिसतात, आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत ओसरू लागतात. पाण्याने चुरचुरणे, सतत लाली, ताण बसणे आणि पूर्वी कधीच पुरळ नव्हते अशा जागी बारीक, एकसारखे दाणे उठणे, हे त्या चित्रात बसत नाही. हा दाह आहे. ‘आतली घाण बाहेर पडते’ हे वाक्य तर मला दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. त्वचेच्या आत बाहेर पडण्याची वाट पाहणारी घाण नावाची काही वस्तू नसते.

ओठांभोवतीचे पुरळ प्रत्यक्ष दाखवून घ्या, कारण तोंडाभोवती होणारा त्वचादाह नावाचा एक वेगळा विकार असाच दिसतो. त्यात ओठांच्या कडेलगतची एक अरुंद पट्टी बहुधा स्वच्छ राहते. याबाबत एक धोक्याची सूचना. अशा वेळी घरातले कोणीतरी हमखास एखादी ट्यूब पुढे करते, जिने ‘माझी लाली दोन दिवसांत गेली’ असते. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल तर तुमचीही लाली दोन दिवसांत जाईल, आणि ट्यूब थांबवताच आधीपेक्षा जोरात परत येईल. मग पुन्हा ट्यूब, पुन्हा लाली, असे महिनोन्‌महिने चालते, त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि मूळ तक्रार काय होती हेही विसरले जाते. रंग उजळवण्याचा दावा करणाऱ्या क्रीमच्या बाबतीत तर काही वेळा घटकच लपवलेले असतात. पारा हा त्यांतला सर्वांत वाईट. तो त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करू शकतो, आणि पाऱ्याच्या वापराविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार पारायुक्त प्रसाधनांवर बंदी असूनही अशी क्रीम ऑनलाइन विकली जातात. घटकांची यादी नसलेले कोणतेही क्रीम चेहऱ्याला लावू नका, एवढे तरी मी कोणालाही आणि कोणत्याही परिस्थितीत सांगेन.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: सगळे आजच बंद करा. रेटिनॉल अचानक थांबवल्याने काहीही ‘वाया’ जात नाही. सौम्य, फेस न करणारा फेसवॉश दिवसातून एकदा, सकाळी नुसते पाणी, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर दोन-तीनदा, आणि दिवसा सनस्क्रीन. रासायनिक गाळणी असलेले सनस्क्रीन सध्या चुरचुरत असेल तर झिंक ऑक्साइडचे निवडा. पाण्याची चुरचुर बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत थांबते. सूज, पाणी सुटणारे फोड, डोळ्यांभोवती सूज किंवा पिवळसर खपल्या यांपैकी काही दिसले तर मात्र वाट पाहू नका.

सनस्क्रीन फक्त बाहेर पडताना लावत होतात, त्याबद्दल दोन शब्द. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने करवून घेतलेल्या एका अभ्यासात चार आठवडे फळांची म्हटली जाणारी आम्ले (ग्लायकोलिक त्यांतलेच) लावल्यावर त्वचेची अतिनील किरणांनी लाल होण्याची प्रवृत्ती १८ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आम्ल थांबवल्यावर आठवडाभरात ती पूर्ववत झाली. अतिनील ‘अ’ किरण खिडकीच्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. बाटलीवर लिहिलेला एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजलेला असतो, आणि बहुतेक माणसे त्याच्या अर्ध्याहूनही कमी लावतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर त्यांच्या पूर्ण लांबीची प्रत्येकी एक रेघ, हे माप लक्षात ठेवायला सोपे आहे.

अबोली, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. माझेही काही रुग्ण व्हिडिओ पाहूनच वेळेवर येतात. पण तुम्ही जे शिकलात त्यात आणि पारिजातताई जे शिकल्या त्यात एक फरक आहे. तुम्हाला कोणीतरी घासणे थांबवायला सांगितले. अशा व्हिडिओंमधून काहीही विकले जात नाही, आणि तरीही ते तुमच्यापर्यंत पोहोचले, याला मी थोडे नशीबही म्हणेन. उतावीळपणाबद्दल बोलायचे तर तो माणसाचा स्वभावच आहे. रोज नवी बाटली दाखवणारे माध्यम त्या स्वभावाला खतपाणी घालते, एवढेच.

आता भाचीविषयी. रेटिनॉइड मुळात मुरुमांवरचे औषध म्हणून आले. त्यांतल्या ट्रेटिनॉइन या औषधाला अमेरिकेत १९७१ मध्ये मान्यता मिळाली. मुरुमांसाठी ते आम्ही किशोरवयीन मुलामुलींनाही देतो, पण निदान करून, मात्रा ठरवून, आणि परत बोलावून. तुमच्या भाचीला हवे आहे ते वय लपवण्याचे क्रीम, आणि तिच्याकडे लपवायला वयच नाही. तिच्या त्वचेत पेशींची उलाढाल आधीच वेगवान असते, त्यामुळे फायदा शून्य आणि दाह पूर्ण. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७ ते १८ वयाच्या मुलींनी बनवलेले त्वचानिगेचे १०० व्हिडिओ तपासले होते. मुली सरासरी सहा उत्पादने वापरत होत्या. सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या २५ व्हिडिओंत दाह करू शकणारे सरासरी ११ सक्रिय घटक होते. आणि दिवसाच्या निगेपैकी केवळ २६ टक्क्यांत सनस्क्रीन होते. ज्या वयात खरोखर उपयोगाची अशी एकच बाटली आहे, तीच बहुतेकींच्या रांगेत नव्हती.

ॲलर्जीचा मुद्दा मुलांच्या बाबतीत मला दाहापेक्षाही गंभीर वाटतो. दाह थांबतो, संपर्कातून आलेली ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते. सुगंधी तेलांतील लिमोनीन आणि लिनॅलूल ही द्रव्ये हवेशी संयोग होऊन अशी संयुगे बनवतात की ज्यांना शरीर कायमचे ओळखून ठेवते, आणि मग वीस वर्षांनी एखाद्या साध्या साबणानेही पुरळ उठते. ही प्रतिक्रिया लगेच दिसत नाही. ती एक-दोन दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा उमटते. म्हणून मनगटावर थेंब लावून पाच मिनिटांनी ‘काही झाले नाही’ म्हणणे ही चाचणी नव्हे. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहणे ही चाचणी.

आणखी एक राहिलेच, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी उपयोगी पडेल: गरोदर असताना किंवा गर्भधारणेचा विचार असताना रेटिनॉइडची क्रीम टाळायची असतात. हे सांगणारा व्हिडिओ मी पाहिलेला आहे, पण तो कधीच गाजलेला पाहिला नाही.


कडूगोड:

येथे मी केवळ माझा अनुभव लिहितो. मी पुरुष आहे आणि अशा चर्चांत सहसा पडत नाही, पण ‘घरगुती आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ या समजुतीने मी जे भोगले ते लिहून ठेवावे असे वाटले. मानेवरचा काळेपणा जावा म्हणून एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र करून मानेला लावला आणि रस नीट न धुता दुपारी उन्हात बाहेर गेलो. त्या दिवशी काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री मान तापली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फोड आले, ते नेमके रस ओघळला होता त्या रेषांत; कानामागून गळ्यापर्यंत एखाद्या नकाशावरच्या नद्यांसारखे. डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारले, ‘लिंबू का?’

त्यांनी समजावले त्यानुसार लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना अतिनील ‘अ’ किरण पडले की ती पेशींना अक्षरशः भाजतात. ही ॲलर्जी नसते, त्यामुळे कोणालाही होऊ शकते, आणि परिणाम एक-दोन दिवसांनी दिसत असल्यामुळे लिंबावर संशयही येत नाही. फोड दहा दिवसांत बसले, पण त्या रेषांचे तपकिरी डाग जायला सात महिने लागले. जो काळेपणा घालवायला गेलो होतो त्याच्या दुप्पट काळेपणा मी स्वतःच्या हाताने रेखून घेतला.


रसशाळा:

कडूगोड यांच्या मिश्रणातल्या सोड्याबद्दलही सांगून टाकतो. त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ५ असतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा ८ च्या वर. हे मोजमाप पायरीगणिक दहापट बदलते, म्हणजे तीन पायऱ्यांचा फरक हजारपटीचा. निव्वळ लिंबाचा रस दुसऱ्या टोकाला, २ च्या आसपास. सेरामाइड तयार करणारी त्वचेतली विकरे, म्हणजे एन्झाइम, त्या सौम्य आम्लतेतच नीट काम करतात, म्हणून साबणाने रोज धुतलेला चेहराही ओढल्यासारखा वाटतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाला रसायनशास्त्रात काहीही वजन नाही, हे आमच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवावे लागते.


आकडेमोड:

सगळ्यांनी घटकांविषयी लिहिले आहे. मला पुराव्याविषयी लिहायचे आहे, कारण मी सांख्यिकी शिकवते आणि ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारी ठेवलेले दिसले की माझ्यातली शिक्षिका जागी होते.

माणूस नवीन सीरम कधी सुरू करतो? चेहरा सर्वांत वाईट असतो तेव्हा. पारिजात यांच्यासारख्या पाळीच्या आधी येणाऱ्या पुळ्या आठ-दहा दिवसांत आपोआप बसणारच असतात. म्हणजे वाईटातल्या वाईट दिवशी बाटली उघडली आणि दहा दिवसांनी फोटो काढला, तर बाटलीत नुसते पाणी असते तरी ‘नंतर’चा फोटो बरा आला असता. आमच्या विषयात याला सरासरीकडे परतणे म्हणतात, आणि माझ्या अंदाजाने त्वचानिगेच्या निम्म्या चमत्कारांचा जनक तोच आहे. त्यात समोरून मऊ प्रकाश, ओलसर त्वचा आणि कॅमेऱ्याचे स्वतःहून चालू असलेले फिल्टर मिळवा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. शंभर जणींनी एखादा प्रयोग केला आणि त्यांतल्या दहा जणींचा चेहरा उजळला, वीस जणींचा भाजला आणि बाकीच्यांना काहीच झाले नाही असे समजा. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. व्हिडिओ कोण टाकेल? सुजलेला चेहरा घेऊन कॅमेऱ्यापुढे बसायला फारच थोड्या तयार होतील, आणि ज्यांना काहीच झाले नाही त्यांच्याकडे सांगण्यासारखी गोष्टच नाही. त्यामुळे तुमच्या पडद्यावर त्या दहा जणीच पुन्हा पुन्हा येतील, आणि तुम्ही एकदा थांबून पाहिले की तशाच आणखी. पारिजात यांना पर्जिंग म्हणून धीर देणाऱ्याही बहुधा अजून मधल्या आठवड्यांत असणाऱ्या मुली असाव्यात. ज्यांनी त्रास होऊन सोडून दिले त्या तो व्हिडिओ आता पाहतच नाहीत.

अबोली यांच्या चार वर्षांच्या अनुभवाबद्दलही तेच म्हणेन, रागावू नये. तो अनुभव खरा आहे, पण तो आठवड्यातून दोनदा लावण्याचा आहे, आणि रोज लावण्याविषयी तो काहीच सांगत नाही.


अबोली:

रागावले नाही. दोनदा लावण्याचे प्रमाण मला एका डॉक्टरांनीच ठरवून दिले होते, हे लिहायचे राहिले होते. लिहिताना ते माझ्या लक्षातही आले नाही, यातच तुमचा मुद्दा आला.

डॉक्टर, एक विचारू का? घरी वापरायच्या सुयांच्या रोलरबद्दल तुमचे काय मत आहे? त्यावर लगेच सीरम लावले की ते दसपट आत जाते असे सांगतात.


त्वचावैद्य:

आत जाते हे खरेच आहे आणि तीच अडचण आहे. सीरम त्वचेच्या वर राहण्यासाठी बनवलेले असते. सुईने पाडलेल्या भोकातून ते अशा ठिकाणी पोहोचते जिथे त्यातील सुगंध आणि टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्ये परकी ठरतात. सुयांच्या उपचारानंतर क जीवनसत्त्वाचे सीरम वगैरे लावल्यामुळे चेहऱ्यावर दाहाच्या गाठी आलेल्या तीन स्त्रियांची नोंद २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे, आणि ते उपचार घरीही नव्हे, तर व्यावसायिक ठिकाणी झाले होते. घरच्या रोलरच्या सुया निर्जंतुक राहत नाहीत आणि लवकर बोथट होतात, मग त्या टोचत नाहीत, फाडतात. मुरुमे चालू असताना तो फिरवला तर एका पुळीतले जंतू संपूर्ण गालावर पेरले जातात.

दुसऱ्याने वापरलेल्या सुयांविषयी तर बोलायलाच नको. स्वतःचे रक्त काढून चेहऱ्यात टोचून घेण्याचा जो प्रकार प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंमुळे पसरला, तो अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना ठिकाणी करून घेतलेल्या काही स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग झाला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. हा उपचार योग्य जागी केला जाऊ शकतो. जागा योग्य आहे की नाही हे फोटोवरून कळत नाही.


पारिजात:

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. तुम्ही सर्वांनी लिहिले त्याच रात्री मी सगळे बंद केले. पहिले चार दिवस त्वचा आणखी वाईट दिसली आणि मी दोनदा बाटलीकडे हात नेला, हे कबूल करते. बाराव्या दिवशी सकाळी चेहऱ्यावर पाणी मारले आणि काहीच झाले नाही. ते इतके अनपेक्षित होते की मी पुन्हा एकदा मारून पाहिले. ओठांभोवतीचे पुरळ डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तोंडाभोवतीचा त्वचादाहच सांगितला आणि त्यावर औषध चालू आहे; बरे व्हायला आणखी काही आठवडे लागतील म्हणाल्या. हनुवटीवरच्या दोन पुळ्या नेहमीच्या वेळी नेहमीसारख्याच आल्या.

भाचीला मी ‘तुझ्याकडे लपवायला वयच नाही’ हे वाक्य जसेच्या तसे सांगितले. तिला ते मुळीच पटले नाही. मग मी तिला माझा पाचव्या आठवड्यातला फोटो दाखवला, ज्यात फिल्टर नव्हता. तिने तो बराच वेळ मोठा करून पाहिला आणि विचारले की हा तू टाकला का नाहीस. सध्या सौदा सनस्क्रीन आणि एका सौम्य फेसवॉशवर तुटला आहे, डबी मात्र तिच्या आवडीच्या रंगाची हवी या अटीवर.

एकच शंका उरली आहे. नऊ बाटल्यांपैकी सहा अजून अर्ध्याहून अधिक भरलेल्या आहेत. त्या ठेवाव्यात का?


रसशाळा:

क जीवनसत्त्वाचे सीरम आताच पाहा. रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला असेल तर त्याचे ऑक्सिडीकरण झाले आहे, ते टाकून द्या. पीलिंगचे द्रावण रंग कसाही असला तरी टाका. रेटिनॉल घट्ट झाकण लावून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा आणि त्याचे काय करायचे ते पुरळ पूर्ण गेल्यावर तुमच्या डॉक्टरांना विचारा. नायसिनामाइड सर्वांत शेवटी आणि एकटेच परत सुरू करून पाहता येईल, पण आधी दहा दिवस कोपरावर. पेट्रोलियम जेली वाट्टेल तितकी ठेवा. थंडीत टाचांना लावा.